ध्यान आणि अर्ध्या तासाचे अर्थशास्त्र

ध्यानधारणेचा विषय निघाला की आपल्या पुरोगामी वर्तुळात दोन प्रतिक्रिया उमटतात. एक उपहासाची आणि दुसरी मौनाची. उपहास करणाऱ्यांच्या मते डोळे मिटून बसणे म्हणजे भोवतालच्या वास्तवाकडे पाठ फिरविणे. मौन पाळणाऱ्यांपैकी अनेकजण पहाटे आपापल्या घरी स्वतः डोळे मिटून बसतात, परंतु चारचौघांत त्याचा उच्चार करीत नाहीत. तिकडे बाजारात मात्र ध्यान हे मधुमेहापासून दिवाळखोरीपर्यंत सर्व दुखण्यांवरील रामबाण उपाय म्हणून विकले जात आहे. उपहास, मौन आणि जाहिरात या तिघांच्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला पडतो. नियमित ध्यानाने माणसाच्या शरीराला व मनाला नेमका कोणता लाभ होतो, तो किती होतो, आणि कोणाच्या वाट्याला येतो? यांपैकी पहिल्या दोन भागांची उत्तरे गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाने बऱ्याच अंशी दिली आहेत. तिसरा भाग अर्थशास्त्राचा आहे, आणि म्हणूनच प्रस्तुत लेखकाने या विषयावर लेखणी उचलण्याचे धाडस केले आहे.

ताण : शरीराचा एक जुना हिशेब

‘टेन्शन’ हा शब्द आज महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत रूढ झाला आहे. परंतु त्यामागील शारीरिक व्यवहार समजून घेतल्याखेरीज ध्यानाचा परिणाम कळणार नाही. संकट समोर उभे राहिले की शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी दाखवून दिले. अनुकंपी चेतासंस्था जागी होते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास उथळ व जलद होतो, पचनाचे काम मागे पडते. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात मिसळतात. संकट टळले की परानुकंपी चेतासंस्था हा सारा पसारा आवरते आणि शरीर पूर्वस्थितीला येते. हॅन्स सेल्ये यांनी १९३६ पासून पुढे दाखविले ते असे की, संकट टळलेच नाही तर शरीराचे संरक्षण करणारी हीच यंत्रणा त्याची झीज करू लागते.

वाघ समोर आला तर प्रसंग घटकाभरात एका बाजूने किंवा दुसऱ्या बाजूने निकालात निघतो. सावकाराचा तगादा, घरभाड्याची तारीख, कंत्राटाचे नूतनीकरण आणि मुलाच्या शिक्षणाचा खर्च यांचे तसे नाही. ही संकटे रात्री उशाशी येऊन बसतात. शरीराला वाघ आणि तगादा यांतील भेद कळत नाही. ते दोहोंना एकच उत्तर देते. महिनोन्‌महिने दिल्या जाणाऱ्या या उत्तराची किंमत म्हणजे निद्रानाश, उच्च रक्तदाब, पाठ व मान यांची जुनाट दुखणी, चिडचिड, खिन्नता आणि अखेरीस हृदयविकार.

ध्यानाची मोजदाद

येथे ध्यानाचा संबंध येतो. श्वासावर, एखाद्या शब्दावर किंवा शरीरातील संवेदनांवर लक्ष स्थिर करावे, ते भरकटले की रागावल्याशिवाय परत आणावे आणि ही क्रिया ठरावीक वेळ रोज करावी, एवढाच बहुतेक पद्धतींचा गाभा आहे. श्वास आपोआप संथ होतो, उच्छ्वास लांबतो, आणि परानुकंपी संस्थेला आपले काम करण्यास वाव मिळतो. याखेरीज आणखी एक गोष्ट घडते. चिंतेचा विचार मनात आला म्हणजे त्यामागे फरफटत गेलेच पाहिजे असे नाही, हा अनुभव माणसाला येतो. विचार येतो, दिसतो आणि जातो. ध्यानाचा मानसिक लाभ मुख्यतः या सवयीतून निर्माण होतो.

या गोष्टी यंत्रांनी मोजाव्यात ही कल्पना पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकविली, असा एक समज आहे. तो खरा नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले ते १९२४ मध्ये. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि क्ष-किरण, रक्तदाबमापक यांसारख्या साधनांनी यौगिक क्रियांचे परिणाम तपासण्यास प्रारंभ केला. १९५० च्या दशकात बागची व वेंगर हे संशोधक उपकरणे घेऊन भारतभर योग्यांच्या शोधात फिरले. ध्यानावस्थेत झोप न लागता स्वायत्त चेतासंस्था खोल विश्रांती घेते, असा निष्कर्ष त्यांनी १९५७ मध्ये मांडला. हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्या योग्यांचीही पुढे तपासणी झाली. स्नायूंच्या आकुंचनाने नाडी लागेनाशी होत असे, परंतु हृदय चालूच असल्याचे यंत्राने दाखविले. विश्रांती खरी निघाली आणि चमत्कार खोटा ठरला. या विषयातील पुढील सर्व संशोधनाचे सार या दोन निष्कर्षांत सामावलेले आहे, असे म्हटले तरी चालेल.

हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, ही विश्रांती मिळविण्यासाठी विशिष्ट मंत्राची आवश्यकता नाही. कोणताही साधा शब्द पुरतो. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध साधनेतून घेतलेली, परंतु कोणत्याही धर्माचा स्वीकार न मागणारी ही पद्धत पुढे जगभर पसरली व तिच्यावर शेकडो चाचण्या झाल्या.

या चाचण्यांचे फलित काय? २०१४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ४७ चाचण्यांचे व ३,५१५ व्यक्तींचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. चिंता, खिन्नता व वेदना यांत ध्यानामुळे अल्प ते मध्यम सुधारणा होते, असा पुरावा त्यात मिळाला. मात्र औषधे, व्यायाम किंवा अन्य मानसोपचार यांपेक्षा ध्यान श्रेष्ठ असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट पाठदुखीच्या ३४२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकावी तसे तीन गट पाडण्यात आले. सहा महिन्यांनी ध्यान शिकलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा दिसली. मानसोपचाराच्या गटात हे प्रमाण ५८ टक्के, तर नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत ४४ टक्के होते. २०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरील चाचणीत आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम हा एस्सिटालोप्राम या प्रचलित औषधापेक्षा कमी प्रभावी ठरला नाही. हृदयविकाराच्या बाबतीत अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०१७ मध्ये सावध मत दिले. लाभाची शक्यता आहे, धोका व खर्च कमी आहे, म्हणून नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यान करण्यास हरकत नाही. उपचारांऐवजी मात्र नाही.

प्रस्तुत लेखक निवृत्तीनंतर गेली काही वर्षे रोज सकाळी अर्धा तास बसतो. झोप सुधारली, वर्तमानपत्र वाचून होणारा संताप अंमळ उशिरा होऊ लागला. रक्तदाबाची गोळी मात्र चालू आहे व डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालू राहील. एका व्यक्तीचा अनुभव हा पुरावा नव्हे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. परंतु वर दिलेल्या आकड्यांशी तो जुळतो, एवढे नमूद करावेसे वाटते.

अतिशयोक्तीचा भाव

लाभ खरा असला की त्याची अतिशयोक्ती करणे सोपे जाते. आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूची रचना बदलते, असा गाजावाजा झाला. त्याला आधार होता तो २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा, ज्यात ध्यान करणारे अवघे १६ जण होते. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक व्यक्तींवर अधिक काटेकोर तपासणी झाली तेव्हा तसा बदल आढळला नाही. इंग्लंड व आसपासच्या ८५ शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर ध्यानशिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले ते निराशाजनक होते. सरसकट वर्गाला दिलेल्या या शिक्षणाने मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक भर पडली नाही. बहुसंख्य मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वरून लादलेली शांतता मनात उतरत नाही, हा त्यातील धडा आपल्या शिक्षणखात्यानेही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ध्यान सर्वांना निर्धोक आहे, असेही नाही. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा सुमारे ८ टक्के साधकांना चिंता वाढणे, खिन्नता येणे असे प्रतिकूल अनुभव आल्याचे दिसले. ज्याच्या मनात एखाद्या आघाताची जखम ओली आहे, त्याला दीर्घकाळ एकांतात डोळे मिटून बसविणे हे उपकारक ठरेलच असे नाही. अशा व्यक्तीला प्रथम मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते.

ताणाची विषम वाटणी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. ताण हा सर्वांना सारखाच असतो, मोठ्या पदावरील माणसाला तर अधिकच असतो, अशी एक सुखद समजूत मोठ्या पदांवरील माणसांनी पसरविली आहे. इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा जो ‘व्हाइटहॉल’ अभ्यास झाला त्याने ती खोडून काढली. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुष नोकरांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. यांपैकी कोणीही भुकेकंगाल नव्हता. धूम्रपान व तत्सम कारणे वजा केल्यावरही अंतराचा मोठा भाग शिल्लक राहिला. १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्याचे एक कारण स्पष्ट झाले. आपल्या कामावर ज्याचा स्वतःचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक. काम किती आहे एवढाच प्रश्न नसतो. ते केव्हा व कसे करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हाही असतो.

दुसरा पुरावा आपल्याच देशातील आहे. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी त्याच माणसांवर दोनदा घेण्यात आली. एकदा ऊस तुटण्यापूर्वी हातात पैसा नसताना, आणि एकदा पैसा आल्यानंतर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या वेळी तोच शेतकरी दुसऱ्या वेळेपेक्षा कमी पडला. पैशाची विवंचना माणसाचे अवधानच खाऊन टाकते. ध्यानाने जे अवधान एकवटावयाचे, तेच दारिद्र्य रोज चोरून नेते, असा याचा अर्थ होतो. तेव्हा कर्जबाजारी शेतकऱ्याला ‘मन शांत ठेवा’ असे सांगणे हे ओंजळ फुटलेल्याला पाणी साठवावयास सांगण्यासारखे आहे.

अतिश्रमाचा हिशेब तर आंतरराष्ट्रीय संस्थांनीच केलेला आहे. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षी जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने दगावली, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर आपल्याकडील नामवंत उद्योगधुरीण तरुणांना आठवड्याला ७० तास, कोणी ९० तास काम करण्याचा जाहीर उपदेश करीत होते. आणि याच उद्योगांच्या कार्यालयांतून ‘ताणमुक्ती’ची शिबिरे भरतात. एका हाताने ताण निर्माण करावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्यावरील उतारा वाटावयाचा, हा व्यवहार मालकाला स्वस्त पडतो. कामाचे तास कमी करण्यास खर्च येतो. शिबिरास फारसा येत नाही. कामगाराला मात्र त्याचा उपयोग होत नाही, हे आता दिसून आले आहे. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यान, ताणव्यवस्थापन अशा कार्यक्रमांत भाग घेतलेल्यांचे मानसिक स्वास्थ्य भाग न घेतलेल्यांपेक्षा चांगले असल्याचे आढळले नाही.

याचा अर्थ ध्यान निरुपयोगी आहे असा कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. पाठदुखीच्या व चिंताविकाराच्या रुग्णांनी स्वेच्छेने, पुरेसा वेळ देऊन, आठ आठवडे जो अभ्यास केला त्याचा लाभ सिद्ध झाला आहे. कामाच्या रगाड्यात तासाभराचे व्याख्यान घुसडून तो लाभ मिळत नाही, एवढेच येथे सिद्ध होते. औषध तेच आहे. मात्रा आणि पथ्य वेगळे आहे.

अर्धा तास कोणाचा?

ध्यान हे फुकट असते, असे म्हणतात. अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते. इगतपुरीचे विपश्यना केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. तेथील व तशाच अन्य केंद्रांतील दहा दिवसांच्या शिबिरासाठी शुल्क घेतले जात नाही. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या देणग्यांवर ती चालतात. ध्यानाच्या बाजारात ही गोष्ट खरोखर गौरवास्पद आहे. तरीही बिगारी कामगाराला हे शिबिर दहा दिवसांच्या मजुरीला पडते. पाठ्यपुस्तकात ज्याला संधी खर्च म्हणतात तो हाच. पगारी रजेवर जाणाऱ्या प्राध्यापकाला जे विनामूल्य, ते रोजंदारीवरील मजुराला परवडणारे नसते.

रोजच्या अर्ध्या तासाचेही तेच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर घरकामास हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची २८९ मिनिटे झाली. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली. या गतीने गृहिणीला ध्यानासाठी अर्धा तास मिळावयास पंधरा वर्षे लागतील! त्यात पुरुषांच्या मिनिटांची भर पडली म्हणून ही बचत झाली असेही नाही. त्यांची ९७ ची ८८ झाली. पहाटे पती निवांत ध्यानाला बसतो तेव्हा स्वयंपाकघरात डबा कोण करते, हा प्रश्न ध्यानाच्या पुस्तकांत आढळत नाही. तो विचारला पाहिजे.

अर्ध्या तासाची मागणी आपल्या कामगार चळवळीला नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे निवेदन तयार केले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातील मागण्यांत रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्धा तास विश्रांतीची मागणी होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी व दुपारचा अर्धा तास या दोहोंना मान्यता दिली. १९४८ च्या कारखाना कायद्यातही सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद होती. सत्यशोधक लोखंडे यांनी ध्यानाचा प्रचार केला नव्हता. परंतु माणसाच्या दिवसातील काही भाग यंत्राच्या व मालकाच्या मालकीचा नसतो, हे तत्त्व त्यांनी प्रस्थापित केले. त्या तत्त्वाविना ध्यान ही सुखवस्तूंची चैन होऊन बसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढविणाऱ्या दुरुस्तीस मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील, असे सांगण्यात आले. कागदावर बेरीज जुळते. दिवसाची जुळत नाही. बारा तास काम, येण्याजाण्याचे तीन तास व सात तासांची झोप धरली तर उरतात दोन तास. त्यांतच स्नान, जेवण, मुले, बाजार आणि आजारी आईवडील. या दोन तासांतून अर्धा तास काढून श्वासाकडे पाहा, असे त्या कामगाराला सांगण्याचे धाडस प्रस्तुत लेखकाला होणार नाही.

मग करावयाचे काय?

ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य ध्यान करावे. खुर्चीवर किंवा जमिनीवर पाठ ताठ ठेवून बसावे, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष द्यावे, मन गेले की परत आणावे. ते शंभरदा जाईल. शंभरदा परत आणणे हाच व्यायाम आहे. प्रारंभी दहा मिनिटे पुरेत. दोन महिने खंड न पाडता केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. अस्वस्थता वाढली तर थांबावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यासाठी दीक्षा, गंडा, महागडी आसने किंवा मोबाइलवरील मासिक वर्गणी यांची गरज नाही.

परंतु येथेच थांबता येणार नाही. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले, आणि बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नवे नाव दिलेल्या आरोग्य केंद्रांच्या कामांत योगाचा समावेश आहे. तेथे प्रशिक्षित व्यक्तीकडून, धर्माचा रंग न देता, स्वेच्छेने येणाऱ्यांना सायंकाळी ध्यान शिकविता येईल. जोडीला समुपदेशकही हवा. सार्वजनिक ग्रंथालये व कामगार कल्याण केंद्रे आपली एक खोली त्यासाठी देऊ शकतील. कामगार संघटनांनी हा विषय मालकांच्या शिबिरांवर न सोडता स्वतःच्या हाती घ्यावा, आणि अट स्पष्ट ठेवावी : ध्यानाचा वेळ कामाच्या तासांतून मिळाला पाहिजे, जेवणाच्या सुट्टीतून किंवा झोपेतून नव्हे. आणि घराघरांतील पुरुषांनी रोज अर्धा तास स्वयंपाकघरात उभे राहिल्यास त्या घरातील स्त्रीला बसावयास अर्धा तास मिळेल. यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्या टीकाकारांना वाटते की ध्यान करणारा माणूस अन्यायाशी जुळवून घेतो. तसे होऊ शकते. पण रात्रभर तळमळून उठलेला, पाठीच्या दुखण्याने वाकलेला, चिंतेने विचारशक्ती गमावलेला माणूस अन्यायाशी अधिक लवकर जुळवून घेतो. कारण त्याच्यात विरोधाचे बळच उरत नाही. स्वस्थ झोप आणि स्थिर चित्त यांची गरज संघर्ष करणाऱ्यालाच अधिक असते. तेव्हा ध्यानाची टवाळी करण्यात आपला वेळ न दवडता, तो अर्धा तास प्रत्येकाच्या दिवसात यावा यासाठी खटपट करणे अधिक श्रेयस्कर होय. त्या वेळात कोणी श्वासाकडे पाहील, कोणी अभंग गुणगुणेल, कोणी नुसताच खिडकीशी बसेल. ते ज्याचे त्याने ठरवावे. ठरविण्याचा अधिकार त्याचा असावा, एवढेच मागणे आहे.